पाय कुणी धरायचे

बुधवार आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला पाहिंग एकत्र येतो, त्या बुध-पाहिंगची सकाळ उजाडली आणि जात्मिकोच्या अंगणात कित्येक वर्षांत पहिल्यांदाच क्रुपुक वाळत घातलेले नव्हते. पापड वाळवायच्या बांबूच्या लांबलचक चटया भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या होत्या, कामाच्या बायकांना सुट्टी होती, आणि सुमिराह सिम्बोक कोंबडा आरवल्यापासून चिकट भाताच्या सात रंगांच्या वड्या थापत बसली होती. सिम्बोक म्हणजे आई. जात्मिकोची ती आई होतीच, पण निम्मा गाव तिला सिम्बोक म्हणायचा, आणि तीही निम्म्या गावाला पोटच्या पोरांसारखं झापायची.

जात्मिकोच्या लेकीचे, मेनुरचे पाय आज मातीला लागायचे होते. मुलगी पावणेपाच वर्षांची! एरवी हा विधी पाळण्यातल्या पोरांचा. पस्तीस दिवसांचा एक लापान, असे सात लापान भरले की मूल पहिल्यांदा जमिनीवर टेकवायचं, रंगीत वड्यांवरून चालवायचं, उसाच्या शिडीवर चढवायचं आणि कोंबड्याच्या डालग्यात बसवून ते काय उचलतं ते बघायचं. मेनुरचा सातवा लापान सोलोच्या इस्पितळात नाकात नळी घालून गेला. सातव्या महिन्यातच जन्मलेली पोर, पाय कायमचे आखडलेले. जगली हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. सिम्बोक तसं म्हणाली नाही. तिने स्वयंपाकघराच्या दारामागे दर लापानाला कोळशाने एकेक रेघ पुढे ओढायला घेतली. सात हुकले ना? मग सात सत्ते एकोणपन्नास. तो एकोणपन्नासावा लापान आज भरत होता.

आणि जिचा एवढा थाट, ती पोर आतल्या खोलीत भोकाड पसरून रडत होती.

हस्तुती ओसरीवर चहाचा पेला धरून ते रडणं ऐकत होती. जात्मिकोची ही थोरली बहीण काल संध्याकाळी सेमारांगहून गाडी घेऊन आली होती. यापूर्वीही ती वर्षातून दोनतीनदा यायची, पण नेहमी दुपारी, आणि तेव्हा भाची बापाच्या खांद्यावर बसून खिदळत असायची. सकाळचा हा प्रकार तिने कधी ऐकला नव्हता.

“रोज असंच चालतं?” तिने विचारलं.

“रोज. सकाळ-संध्याकाळ.” सिम्बोकने हिरवी वडी केळीच्या पानावर सरकवली. “पोटऱ्या आखडतात ना तिच्या, म्हणून विनार्ती ताणते. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलंय.”

“आणि जात्मिको काय करतो?”

“तो खेळवतो.”

“वा! म्हणजे गोड वाढायला बाप आणि कारलं वाढायला आई.”

“तसं कुणी ठरवलं नाही गं. झालं तसं. तो भित्रा आहे, ती खंबीर आहे.”

“ऐक ना, सिम्बोक.” हस्तुतीने पेला खाली ठेवला. हे तिने रात्रभर घोळवलं होतं, त्यामुळे शब्द तयार होते. “मी मेनुरला सेमारांगला नेते. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर केंद्र आहे. कोमट पाण्याची टाकी आहे, शिकलेली माणसं आहेत. पोरं माझी सुरबायाला गेली, खोली रिकामी पडलीय. पाय ताणायला माणसं मिळतात. आई दुसरी मिळत नाही. विनार्तीचं काय झालंय बघितलंस? पोर तिला बघितलं की पाय पोटाशी घेते. असंच चाललं तर मोठी होऊन ती आईला काय म्हणेल?”

सिम्बोकचे हात थांबले. गेली दोन वर्षं तिच्या मनात हेच येत होतं, पण सुनेच्या तोंडावर बोलायची तिची छाती नव्हती. लेकीने बोलून दाखवल्यावर तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

“आज विधी होऊ दे,” ती म्हणाली. “पाहुणे जेवून उठले की मी जात्मिकोशी बोलते. माझं तो ऐकेल.”

दोघी हळू बोलत होत्या, पण त्या घरातल्या आतल्या भिंती विणलेल्या बांबूच्या. त्या घरात आजवर एकही गुपित दुपारपर्यंत टिकलेलं नाही.

भिंतीपलीकडे विनार्तीच्या तळव्यात मेनुरची डावी टाच होती. दुसऱ्या हाताने तिने गुडघा सरळ दाबून धरला होता आणि ती मोजत होती. “पंचवीस... सव्वीस...” सेमारांग हा शब्द ऐकूनही तिचा हात ढिला पडला नाही. पोरीच्या नाकाचं पाणी ओठापर्यंत आलं होतं. “अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.” तिने पाय अलगद सोडला, पोटरी चोळली, पदराने पोरीचं नाक पुसलं.

मेनुरने हुंदका गिळला. “आता बापाक,” ती म्हणाली.

बापाक म्हणजे बाबा. रोज हेच. पाय सुटला की पोरीचा पहिला शब्द हा. आधी विनार्तीला यात काही वाटायचं नाही. उलट, लवकर गप्प होते म्हणून बरं वाटायचं. मग कधीतरी तिच्या ध्यानात आलं, की लेकीच्या दिवसात आपण म्हणजे संपायची वाट बघायची गोष्ट आहोत. हे ध्यानात आल्यापासून ती ‘आता बापाक’ ऐकून रोज तेवढ्यापुरती मरायची, आणि मग उठून भांडी घासायला जायची. आज ती भांड्यांकडे गेली नाही. उजवा पाय अजून व्हायचा होता. ती तशीच उठून परसात गेली.

जात्मिको उसाच्या दोन दांड्यांना आडव्या पायऱ्या बांधत होता आणि शीळ घालत होता. माणूस तसा हसरा. क्रुपुकचे डबे सायकलला लावून बाजारात निघाला की त्याच्या मागे पोरं पळायची.

“पाकने.”

त्या गावात लेकरू झालं की नवराबायकोची नावं मागे पडतात. लेकराचा बाप तो पाकने, लेकराची आई ती बुने. या दोघांनी एकमेकांना गेल्या पावणेपाच वर्षांत दुसरी हाक मारली नव्हती.

“काय गं बुने? बघ, सातवी पायरी—”

“डावा पाय झाला. उजवा तुम्ही धरा.”

“मी?” त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. “आज? अगं, शिडी कोण बांधणार?”

“शिडी मी बांधते. मला गाठी येतात.”

“मला नाही जमत ते. तुला माहितेय. ती रडते.”

“आणि माझ्याकडे काय गाणी म्हणते?”

जात्मिको हसला. अडचणीत आला की तो आधी हसायचा. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते हसू आवरतं घेतलं.

“तुमची ताई, म्बाक हस्तुती, तिला सेमारांगला न्यायचं म्हणतेय,” विनार्ती म्हणाली. “कायमचं. सिम्बोक जेवणं झाल्यावर तुमच्याशी बोलणार आहे. कारण काय, तर मी पोरीला रडवते. मी रडवते की पाय रडवतात, एवढंच मला बघायचंय. तुमच्या हाताखाली रडली, तर पाय रडवतात. मग पोर कुठे जाणार नाही आणि हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.”

“आणि नाही रडली तर?”

“नाही रडली तर मीच तिचं गाठोडं बांधून देते.”

“बुने, वेडबिड लागलंय का? पैज लावतेस पोरीवर?”

“चार वर्षं लावलीय,” ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

जात्मिको खोलीत आला तेव्हा मेनुरचा चेहरा उजळला. “बापाक! घोडा!”

“आधी पाय, मग घोडा.”

“तू?” तिने संशयाने विचारलं. “तुला येतं?”

“न यायला काय झालं? एवढे क्रुपुक थापतो, तुझा एवढासा पाय नाही ताणता येणार?”

तो मांडी घालून बसला. दारात सिम्बोक आणि हस्तुती येऊन उभ्या राहिल्या. विनार्तीने आपली पैज त्यांना जाता जाता सांगून टाकली होती, आणि आता ती स्वतः उसाची शिडी घेऊन त्यांच्या मागे उभी होती. इस्पितळातल्या बाईंनी हे नवराबायको दोघांनाही शिकवलं होतं. पण जात्मिकोने तेव्हा एकदा करून बघितलं, पोरीचा ओठ थरथरला, आणि त्याने पुन्हा त्या चटईवर बूड टेकलं नाही. टाच तळव्यात घ्यायची, गुडघा सरळ धरायचा, पंजा हळूहळू वर लोटायचा. पाय दोरखंडासारखा ताठ होता. एवढा ताठ असेल हे त्याला माहीत नव्हतं. रोज खांद्यावर घेऊन नाचवत होता, पण खांद्यावर पाय वाकलेलेच असतात.

“एक... दोन...” मग तो बाजारातल्या आपल्या आरोळीच्या चालीवर मोजू लागला. “पाच घ्याऽऽ, सहा घ्याऽऽ...” मेनुर हसली. आठवर हसू गेलं. दहावर तिने चटईचा काठ मुठीत धरला. अकरावर तिची हनुवटी हलायला लागली आणि डोळे भरले. जात्मिकोने बारा म्हटलं आणि पटकन पाय सोडून दिला.

“झालं! शाबास! बघा, रडली नाही!”

हस्तुतीने एक श्वास सोडला. “नाही रडली,” ती म्हणाली. पैज जिंकल्याचा आनंद तिच्या आवाजात नव्हता. भावजयीकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. विनार्तीने शिडी इतकी घट्ट धरली होती की एक पायरी निसटून खाली पडली. शब्द म्हणजे शब्द. ती गाठोडं बांधायला वळलीच असती.

“तीस नाही झालं,” मेनुर म्हणाली.

“झालं की, बाळा.”

“बारा झालं. मला येतं मोजता. इबू तीस करते.” इबू म्हणजे आई. मेनुर सावकाश, एकेक शब्द ओढून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं मध्येच तोडायची कुणाला सोय नव्हती. “बारा केलं की पाय परत वाकडा होतो. तू लबाडी करतोस, बापाक.”

“परत धर,” मेनुरने हुकूम सोडला आणि पाय पुढे केला. म्हणजे करायचा प्रयत्न केला. तो थोडा उचलला, थरथरला आणि तिथेच अडकला. “एकपासून.”

त्याने परत धरला. या वेळी आरोळीची चाल लावली नाही. दहावर चटईचा काठ, अकरावर हनुवटी, आणि तेराला तिने असा टाहो फोडला की अंगणातली कोंबडी कुंपणावर उडाली. “सोड! बापाक वाईट! बापाक घाणेरडा! सोऽऽड!” जात्मिकोच्या आयुष्यात त्याला कुणी घाणेरडा म्हटलं नव्हतं, निदान या आवाजात नाही. त्याचे डोळे वाहायला लागले, नाकही, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याला ते पुसताही येईना. “सतरा,” तो म्हणाला. “अठरा. एकोणीस.” बावीसला त्याला वाटलं आता सोडावं. त्याने मान वर करून दाराकडे बघितलं. विनार्ती नकारार्थी मान हलवत होती. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ही बाई हे एकटी करत आली, आणि आपण परसात शीळ घालत असतो, हे त्याला त्या आठ आकड्यांत जेवढं कळलं तेवढं चार वर्षांत कळलं नव्हतं.

“तीस.”

त्याने पाय सोडला आणि बायको चोळायची तशी पोटरी चोळू लागला. मेनुरने दोन हुंदके दिले, तिसरा गिळला.

“आता इबू,” ती म्हणाली.

विनार्तीला आधी ते आपल्याला म्हटलंय हे कळलंच नाही. ती इकडेतिकडे बघू लागली. मग शिडी हातातून सुटली आणि ती चटईशेजारी येऊन धपकन बसली.

“इबू, खेळ.”

“हो,” विनार्ती म्हणाली. “हो हो.” आणि पुढे काय करायचं हे तिला सुचेना. पोरीच्या पायाचा प्रत्येक स्नायू तिला पाठ होता. पण खेळायचं कसं, कुठून सुरुवात करायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने पोरीला पोटाशी धरलं आणि नुसती डोलत राहिली. मेनुरने थोडा वेळ ते चालवून घेतलं.

हस्तुती अंगणात निघून गेली.

आठ वाजता सारिनेम सुईण आली. गावातली तीन पिढ्यांची पोरं तिच्या हातावर जन्मली होती आणि विधीही तीच करायची. कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. तिने वड्या बघितल्या, फुलांचं पाणी बघितलं, उसाची शिडी बघितली, आणि कागदी झिरमिळ्यांनी सजवलेल्या डालग्यासमोर येऊन थांबली.

“हे कुणी आणलं?”

“मी सांगून बनवून घेतलं,” सिम्बोक अभिमानाने म्हणाली. “खास झुंजीच्या कोंबड्याचं आहे. वीण बघ कशी.”

“कोंबडा मावेल,” सारिनेम म्हणाली. “मेनुर कुठली मावते?”

सगळे डालग्याकडे बघू लागले, मग मेनुरकडे, मग परत डालग्याकडे. नवं बाटिकचं कापड गुंडाळून बापाच्या कडेवर बसलेली मेनुर गुडघे मुडपले तरी त्या डालग्यात अर्धीच गेली असती. एकोणपन्नास लापान सिम्बोकने एकही रेघ न चुकता मोजले होते. तेवढ्यात पोर वाढली, हे मात्र मोजायचं राहून गेलं होतं.

सिम्बोक मटकन ओट्यावर बसली. “आता गं बाई! पाहुणे फाटकात आलेत.”

“डोकं तेवढं घालू आत,” जात्मिको म्हणाला.

“तुझं घाल,” मेनुर म्हणाली, आणि अंगणातले पहिले पाहुणे आल्या आल्याच हसले.

हस्तुती भिंतीला टेकलेल्या चटयांकडे गेली. या घरात ती वाढली होती. वयाच्या सातव्या वर्षापासून लग्नापर्यंत तिने या चटयांवर क्रुपुक मांडले आणि पावसाची चाहूल लागली की गोळा केले. तिने एक चटई ओढली, आडवी केली, दुसरी तिला काटकोनात लावली. “चार भिंती आणि एक छप्पर,” ती म्हणाली. “विनार्ती, दोरी आण. गाठी तुला येतात म्हणालीस ना?”

दोघी नणंद-भावजय समोरासमोर बसून गाठी मारू लागल्या. सुती दोरी, दोन वेढे, एक फास.

“मी वाईट मनाने बोलले नव्हते,” हस्तुती म्हणाली.

“माहितेय.”

“पाण्याची टाकी खरंच चांगली आहे. पाण्यात पाय हलके होतात म्हणे. मी जाऊन बघून आले.”

“मग आम्ही येऊ ना,” विनार्ती म्हणाली. “दर लापानला चार दिवस. खोली रिकामी आहे म्हणालात.”

“आम्ही म्हणजे?”

“तिघं. एक पाय धरायला, एक खेळायला.”

“आणि तिसरी?”

“तिसरी लबाडी पकडायला.”

हस्तुतीला हसू आलं. तिने फास ओढला. “माझं हे बोलणं तुला लागलं असेल तर—”

“लागलं,” विनार्ती म्हणाली. “पण तुम्ही बोलला नसतात, तर मी अजून चार वर्षं भांडी घासायला गेले असते. दुसरी बाजू धरा, ढिली होतेय.”

बाहेरचा घोळका वाढला तशी सारिनेमने टाळी वाजवली. मुलाला वड्यांवरून चालवायचं काम रीतीने आईचं. विनार्ती पुढे झाली, पण जात्मिकोने मान हलवली. “आज पाहिंग. आजचे पाय माझे,” तो म्हणाला, आणि त्याने मेनुरला काखांतून धरून पहिल्या, पांढऱ्या वडीवर उभं केलं.

चिकट भात बोटांच्या फटीत शिरला आणि मेनुर किंचाळून हसली. गुदगुल्या! लाल वडी, पिवळी वडी. पाय एकमेकांत अडकत होते, कात्रीसारखे, आणि जात्मिको आपल्या पावलाने ते अलगद वेगळे करत होता. हिरव्या वडीवर डावा पाय पूर्ण टेकला. पंजा नव्हे, टाचही. भातात टाचेचा गोल खळगा उमटला. पाहुण्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. ते जांभळ्या वडीकडे बघत होते. सिम्बोकने मात्र तो खळगा बघितला आणि सुनेचं मनगट धरलं. “हे तू केलंस,” ती म्हणाली. ती सहसा कौतुक करायची नाही, त्यामुळे तिला पुढचं वाक्य सापडेना, आणि तिने नाक पुसायला पदर शोधला.

शिडीची फजितीच झाली. पायऱ्या पाळण्यातल्या पोराच्या मापाच्या. मेनुरने तिसऱ्या पायरीवर भार टाकला, ऊस काडकन मोडला, आणि ती म्हणाली, “खाऊ?” सारिनेमने आकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, “शिडी चढणारे पुष्कळ असतात, खाणारी ही पहिलीच. द्या तिला.” मेनुर ऊस चोखत चटयांच्या पिंजऱ्याशी आली.

पिंजरा एवढा मोठा झाला होता की त्यात तीन कोंबड्यांचे मालक मावले असते. आत ताटात वस्तू मांडल्या होत्या: वही, पेन, आरसा, कंगवा, भाताची लोंबी, अंगठी, आणि सिम्बोकच्या हट्टापायी एक मूठभर क्रुपुक. मुलाने जे उचलावं, तो त्याचा पुढचा धंदा.

“एकटी बसू शकत नाही ती नीट,” सारिनेम म्हणाली. “आईने आत बसावं.”

विनार्ती वाकून आत गेली. पहाटे शेजारणीने तिच्या डोक्यावर तासभर खपून अंबाडा घातला होता, मोगऱ्याच्या माळा, दहा-बारा काटे. तो छपराला घासला. तिने मेनुरला पायांच्या मध्ये टेकवून बसवलं. सगळा गाव चटईच्या फटींना डोळे लावून बघत होता.

मेनुरने वहीकडे बघितलं नाही, अंगठीकडे तर नाहीच. तिने कंगवा उचलला. मग वळून आईच्या अंबाड्यातला एक काटा ओढून काढला.

“अगं अगं!” शेजारीण बाहेरून ओरडली.

दुसरा काटा. तिसरा. मेनुरचं ताठ मनगट बाहेरच्या बाजूला वळत होतं. हे वळण इस्पितळातल्या बाईंना सहा महिने हवं होतं. छान वळतंय, अजून दहा वेळा करायला लावू, असं विनार्तीच्या तोंडाशी आलं. तिने जीभ चावली आणि बोलली नाही. अंबाडा सुटून खांद्यावर आला, मोगरा मांडीत पडला. मेनुरने कंगवा केसांत घुसवला आणि जोर लावून ओढला.

“आई गं!” विनार्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडायचं असलं तर रड,” मेनुर गंभीरपणे म्हणाली, “पण हलू नकोस.”

रोज पाय धरताना हे वाक्य कोण म्हणतं, ते अंगणात सगळ्यांना माहीत होतं. जात्मिको पोट धरून हसला. आणि विनार्ती, जिला खेळता येत नव्हतं, तिने डोकं मागे टाकून लहान पोरीसारखं खोटं खोटं भोकाड पसरलं. “सोऽऽड! मेनुर वाईट! मेनुर घाणेरडी!” मेनुर इतकी हसली की तिच्या हातातून कंगवा पडला, आणि मग तो शोधायला दोघीही चटईवर आडव्या झाल्या.

बाहेर सिम्बोक लेकाला विचारत होती, “पाहिंग तुझा म्हणालास. मग बाकीचे चार वार?”

“लेगी आणि पोनला मी बाजारात असतो. ते दोन दिवस बुने पाय धरेल, आणि मी संध्याकाळी येऊन खेळेन. पाहिंग, वागे, क्लिवोन, पाय माझे आणि खेळ तिचा.”

“इस्पितळाच्या कागदावर सोमवार-मंगळवार लिहिलेत रे.”

“त्यांचा आठवडा सातचा, आपला बाजार पाचाचा. पायाला काय कळतंय?”

“क्लिवोनला पोरीला रडवायचं नाही हं. वार कडक असतो.”

“मग क्लिवोनला तुम्ही उशाशी बसून गोष्ट सांगा, सिम्बोक,” पिंजऱ्यातून विनार्तीचा आवाज आला. ती अजून आडवीच होती.

सिम्बोकने थोडा विचार केला. “लांबलचक सांगेन,” ती म्हणाली. हस्तुतीने गाडीची किल्ली पदराला बांधली आणि पाहुण्यांना पानं मांडायला घेतली. सेमारांगचा विषय त्या दिवशी जेवणानंतर कुणी काढला नाही.

सारिनेमने परत टाळी वाजवली. भाताचा शंकू कापायचा होता, नाणी उधळायची होती, पोरं ओंजळी करून उभी होती. “कंगवा उचलला, छान झालं, पोर केस विंचरून पोट भरेल. आता निघा बाहेर.”

“नाही,” मेनुर म्हणाली. “खेळ चाललाय.”

जात्मिकोने वाकून चटईचं दार उचललं आणि आपलं हुकमी अस्त्र काढलं. “मेनुर, चल. घोडा!”

मेनुरने त्याच्याकडे बघितलंही नाही. “बापाक, तू बाहेर थांब,” ती म्हणाली. “आता इबूचं आहे.”

विनार्ती या घरात नऊ वर्षं सून होती, आणि नऊ वर्षांत पाहुण्यांच्या आधी तिने कधी घास घेतला नव्हता की पाहुणे ताटकळत ठेवले नव्हते. तिचे केस पिंजारलेले होते, कपाळावर मोगऱ्याची पाकळी चिकटली होती, आणि अख्खा गाव दारातून आत बघत होता. तिने हात लांब करून नवऱ्याच्या हातातलं दार घेतलं आणि आतून ओढून लावलं.

“तुम्ही वाढून घ्या सगळे,” ती म्हणाली. “आम्हाला वेळ लागेल.”